नदीचे दोहन, की शोषण?



'परिसंस्था' हा शब्द पाठ्यपुस्तकातील वाटतो. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरच्या रहिवाशांना तो दारातच पाहता येतो. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी ओलांडून बदलापुरात येते. सह्याद्रीवरील वन पाऊस मुरवते, काठची झाडे माती धरून ठेवतात, पाण्यातील जिवाणू घाण पचवतात. परस्परांच्या आधाराने चालणारी ही व्यवस्था म्हणजेच परिसंस्था.

तिच्या सहनशक्तीला मर्यादा असते. घाणीचे विघटन करताना जिवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात. सांडपाणी अति झाले की प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. सांडपाण्यातील नत्र व स्फुरदावर जलपर्णी माजते आणि खालच्या पाण्याला सूर्यप्रकाशही मिळत नाही.

वालधुनीची कथा याहून दारुण आहे. शके 982 मध्ये, म्हणजे इ.स. 1060 मध्ये, शिलाहारकालीन अंबरनाथचे शिवालय तिच्याच काठी उभे राहिले. फाळणीत सर्वस्व गमावलेल्या सिंधी बांधवांनी ज्या छावणीत नवा संसार थाटला, तिचे 1949 मध्ये उल्हासनगर झाले. त्या नावातही नदीच आहे. आज मात्र त्याच नगरातून वालधुनी नाल्यासारखी वाहते. नोव्हेंबर 2014 मध्ये टँकरमधून तिच्यात रसायन ओतले गेले. विषारी वायूने शेकडो नागरिकांना रुग्णालय गाठावे लागले. फेकलेले नाहीसे होत नाही, हा निसर्गाचा नियम त्या दिवशी श्वासाश्वासातून कळला.

नगरपालिकांच्या सीमा नदी जाणत नाही. 26 जुलै 2005 च्या महापुराने हे दाखवले. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा ते पुन्हा दिसले. म्हणून संरक्षणही संपूर्ण खोऱ्याचे व्हावे लागेल. उगमाकडील वन राखणे, पूररेषेत भराव न टाकणे आणि सांडपाणी शुद्ध केल्याविना नदीत न सोडणे, ही त्याची त्रिसूत्री होय. बारवी धरणासाठी मुरबाड तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली. त्या त्यागाचे स्मरण ठेवून पाणी जपून वापरणे हेही नागरी कर्तव्यच आहे.

वासराचा वाटा राखून दूध काढणे हे दोहन. गाय मरेपर्यंत पिळणे हे शोषण. भारतीय परंपरेने सृष्टीशी नाते सांगितले ते दोहनाचे. नदीला माता म्हणून तिची आरती करणाऱ्या समाजाने प्रथम तिच्यात सोडलेली गटारे बंद करावीत. मातृपूजनाचा खरा आरंभ तेथूनच होईल.