झाडाचे माप आणि झाडाचे मोल



बांधावरचा साग विकण्याची पाळी आपल्याकडे बहुधा अडचणीतच येते. घरात लग्न निघते, नाही तर कर्जाचा तगादा लागतो. व्यापारी येतो, झाडाभोवती एक फेरी मारतो आणि उक्ता भाव सांगून मोकळा होतो. मालकाने ते झाड तीस-चाळीस वर्षे राखलेले असते; पण त्यात लाकूड किती, हे त्याला ठाऊक नसते! म्हणूनच आम्ही शिक्षकमंडळी घनफळाचे गणित मुलांना झाडाखाली नेऊन शिकवितो.

फीत, काठी आणि वही एवढ्यावर काम भागते. आधी प्रत्येकाने आपला अंदाज लिहावयाचा, मग मोजावयाचे. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, घेर घ्यावयाचा. सपाट जागी उंचीला सावली पुरते. २ मीटर काठीची सावली १ मीटर पडली, तर त्याच वेळी ८ मीटर सावलीचे झाड १६ मीटर उंच.

आता खरी मेख पाहा. वखारीत गोल ओंडका चौथाई घेराच्या रीतीने मोजण्याचा प्रघात आहे. मधल्या घेराचा चौथा हिस्सा घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा आणि लांबीने गुणावयाचे. घेर १.२ मीटर, लांबी ३ मीटर, उत्तर ०.२७ घनमीटर. भूमितीने तेच सुमारे ०.३४ येते. शेकडा साडेएकवीस भाग गेला कोठे? ओंडका चौकोनी करताना जाणाऱ्या लाकडाची ती वजावट समजतात. एडवर्ड हॉपस या इंग्रज मोजणीदाराची १७३६ सालची कोष्टके याच रीतीची. ही लबाडी नव्हे, हे आम्ही मुलांना बजावतो. परंतु हे माप लावून वर पुन्हा घट मागितली, तर तेच लाकूड दोनदा कापले जाते!

माप म्हणजे मोल मात्र नव्हे. खोड सरळ आहे काय, गाठी किती, आत पोकळी तर नाही ना, वखार किती लांब, हे पाहिल्याशिवाय भाव ठरत नाही. तोडीचा परवानाही आधी पाहावा लागतो.

आणि एक गणित आम्ही मुद्दाम शेवटी घालतो. घेर दीडपट झाला, तर तेवढ्याच लांबीत लाकूड किती? सव्वादोनपट! हे ज्याला कळले, तो अडचणीतही विचारील की, हे झाड आजच तोडावयाचे, की आणखी काही वर्षे राखावयाचे? तो प्रश्न त्याला विचारता यावा, एवढ्यासाठीच हा खटाटोप.