सत्र परदेशात, नोंद इथल्या गुणपत्रकात

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतून आलेले प्राचार्य आणि प्राध्यापक, पालकवर्ग, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे त्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो. मुंबईकडची मंडळी सकाळच्या लोकलने आली, पुण्याकडची घाट उतरून आली. कर्जतला येऊन दिवाडकरांचा वडा न खाता पाहुणा परत गेला, तर बोल स्वागत समितीला लागतो. म्हणून दुपारच्या चहाबरोबर त्याची सोय केली आहे. तेवढी एक चिंता मिटली, की आता कामाचे बोलू.

पाहुण्यांना गावाची ओळख करून देणे ही स्वागताध्यक्षाची रीत. खालापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला द्रुतगती मार्गावरचा टोलनाका आठवतो. आमची ओळख त्याहून जुनी आहे. याच तालुक्यातल्या उंबरखिंडीत १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेची कोंडी केली. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. महडचा वरदविनायक आमचा, कोंडाण्याची लेणी आमची. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर चढली, १९०७ मध्ये नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली आणि १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज जाऊ लागली. घाटावरून आमच्याकडे उतरणाऱ्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्यांची चाके फिरली.

रूळ, रस्ता, वीज, सारे आमच्या दारावरून मुंबईला गेले. आमची मुले मात्र त्या मानाने फार लांब गेली नाहीत. पहाटेची लोकल पकडायची आणि डोंबिवली, ठाणे, फार तर दादर गाठायचे; शिकायला तिथेच, पुढे नोकरीलाही तिथेच. परदेशी शिक्षण म्हणजे घर गहाण टाकून दोन वर्षांसाठी जाणे, ते आपल्यासारख्यांचे काम नव्हे, अशी इथल्या बहुतेक घरांची समजूत आहे. ही परिषद मधली एक वाट दाखवण्यासाठी भरवली आहे. पदवी इथलीच घ्यायची, त्यातले एक सत्र परदेशातल्या विद्यापीठात शिकायचे, आणि तिथे मिळवलेली क्रेडिट इथल्या गुणपत्रकात लागली पाहिजेत. या शेवटच्या अटीवरच सगळे अवलंबून आहे. क्रेडिट लागली नाहीत, तर ते सत्र म्हणजे गेलेले वर्ष.

परदेशी शिकायला जाण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. आमच्याच रेल्वेमार्गावरच्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. आपल्या जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख केंब्रिजला शिकले, आणि पुढे १९५६ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. आज क्रेडिटचे सारे नियम जो आयोग करतो, त्याच्या खुर्चीवर रायगडचा माणूस बसून गेला आहे.

पण आजच्या विषयाशी सर्वांत जवळचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तो अभ्यास वाया गेला नाही, कारण चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुढे चालू करण्याची परवानगी त्यांच्यापाशी होती. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. बुद्धी आणि कष्ट त्यांचे होतेच. पण मधल्या तीन वर्षांत त्यांची जागा राखून ठेवली ती विद्यापीठाच्या एका निर्णयाने. संस्थेने वेळेवर दिलेल्या अशा एका कागदाचे मोल किती असते, हे आपण प्राध्यापकांनी आणि प्राचार्यांनी लक्षात ठेवायला हवे.

युरोपने या कागदाची पद्धतच घालून दिली. १९८७ मध्ये तिथे इरॅस्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले. दोन वर्षांनी क्रेडिट मोजण्याची सामाईक पद्धत आली. तिचा गाभा साधा आहे. विद्यार्थी निघण्यापूर्वी एक अभ्यास-करार होतो. तिथे कोणते विषय घेणार, त्यांची क्रेडिट किती, आणि इथल्या कोणत्या विषयांच्या जागी ती धरणार, हे त्यावर लिहिलेले असते. विद्यार्थी, त्याचे विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या होतात. परतल्यावर यजमान विद्यापीठाचे गुणपत्रक येते आणि ठरल्याप्रमाणे नोंद होते. नव्याने अर्ज, नव्याने समिती, नव्याने हेलपाटे नाहीत.

आपल्याकडेही पाया घातला गेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. विद्यार्थ्याची क्रेडिट तिथे जमा राहतात आणि कमाल सात वर्षांपर्यंत वापरता येतात. २०२२ मध्ये आयोगाने परदेशी विद्यापीठांबरोबर ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी यांची नियमावली केली. ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थेची राहते आणि एकूण क्रेडिटपैकी ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशात मिळवता येतात. सहा सत्रांच्या पदवीत एक सत्र या मर्यादेत आरामात बसते. महाराष्ट्रात अशा भागीदारीचा अनुभवही आहे. आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियाचे मोनॅश विद्यापीठ यांची संशोधन अकादमी २००८ पासून संयुक्त पीएच.डी. चालवते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने मेलबर्न विद्यापीठाच्या सहकार्याने बी.एस्सी. ब्लेंडेड हा अभ्यासक्रम सुरू केला.

आता अडचणींकडे येऊ. पहिली हिशेबाची. आपल्याकडे एका सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट. युरोपात ३०, ब्रिटनमध्ये ६०, अमेरिकेत बहुधा १५. आकडे वेगळे, पण प्रत्येक आकडा एका सत्राचेच पूर्ण काम सांगतो. ब्रिटनहून ६० आणली म्हणून कोणी तिप्पट शिकला असे होत नाही, आणि अमेरिकेहून १५ आणली म्हणून कमी शिकला असेही नाही. सत्राचा वाटा धरून प्रमाण काढायचे, एवढीच गोष्ट आहे. ती परीक्षा विभागाने एकदा तक्ता करून ठेवली तर प्रत्येक मुलाच्या वेळी नवा वाद होणार नाही. क्रेडिट नुसती धरायची की तिथली श्रेणीही सीजीपीएमध्ये मिळवायची, हेही त्या तक्त्यातच लिहावे.

दुसरी अडचण विषयांची. तिथला विषय आणि इथला पेपर शब्दाला शब्द जुळावा असा आग्रह धरला, तर काहीच जुळणार नाही. त्यावर उपाय नव्या अभ्यासक्रमातच आहे. मेजरचे सक्तीचे पेपर इथे पुरे करावेत. मायनर, ओपन इलेक्टिव्ह, फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी यांची क्रेडिट परदेशातल्या सत्रासाठी मोकळी ठेवावीत. अभ्यास मंडळांनी पदवीचा आराखडा करतानाच ही खिडकी सोडली, तर मुलाला पुढे विनवण्या कराव्या लागणार नाहीत.

तिसरी अडचण कॅलेंडरची, आणि ती सर्वांत चिवट. आपले पहिले सत्र जूनच्या सुमारास सुरू होऊन नोव्हेंबरला संपते. जर्मनीत हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात. पाचव्या सत्रासाठी गेलेली मुलगी परत येईतो इथले सहावे सत्र अर्धे झालेले असते. तिची हजेरी, अंतर्गत गुण, प्रात्यक्षिके यांचे काय करायचे? सप्टेंबर ते डिसेंबर सत्र असलेली विद्यापीठे निवडणे हा एक उपाय. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीत शेवटच्या वर्षी जाणे हा दुसरा. पण कोणताही उपाय तिने जाण्याच्या आधी ठरलेला हवा.

कर्जतला जड गाडी घाट चढायला निघते तेव्हा मागून जोर द्यायला बँकर इंजिने लावतात, आणि ती इथेच लावतात. अर्ध्या घाटात गाडी अडल्यावर नाही. महाविद्यालयाचे काम नेमके हे आहे. सह्या, तक्ता, विषयांची अदलाबदल हे सगळे निघण्यापूर्वी व्हावे. आज हे ओझे विद्यार्थ्याच्या डोक्यावर आहे. वीस वर्षांच्या मुलाने एका हाती व्हिसा, दुसऱ्या हाती परीक्षा विभागाचा अर्ज घेऊन फिरावे, हे बरोबर नाही.

खर्चाचेही स्पष्ट बोलायला हवे. दोन विद्यापीठांत विनिमय करार असेल, तर सहसा विद्यार्थी आपली फी आपल्याच महाविद्यालयात भरतो आणि यजमान विद्यापीठ त्याच्याकडून शिक्षण शुल्क घेत नाही. उरतो तो विमान, विमा, व्हिसा आणि राहण्या-जेवण्याचा खर्च. तोही थोडा नाही. जर्मनीने २०२४ मध्ये विद्यार्थ्याच्या खात्यात दाखवायची रक्कम महिन्याला ९९२ युरो केली, म्हणजे सहा महिन्यांचे जवळजवळ सहा हजार युरो. शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या पूर्ण अभ्यासक्रमांसाठी आहे. आदिवासी वाडीतून पहिल्यांदा महाविद्यालयात आलेल्या मुलीला एका सत्रासाठी आधार द्यायचा, तर त्यासाठी वेगळी तरतूद लागेल. तशी मागणी या व्यासपीठावरून व्हावी, असे मला वाटते.

आणि पालकांना एक सावधगिरीची सूचना. पंधरा दिवसांची सहल आणि शेवटी एक रंगीत प्रमाणपत्र, हे परदेशी शिक्षण म्हणून विकणारे दलाल गावोगाव फिरतात. त्यांना तीन प्रश्न विचारा. गुणपत्रक कोणते विद्यापीठ देणार? त्यावर किती क्रेडिट असणार? आणि ती आमच्या मुलाच्या कोणत्या पेपरच्या जागी धरली जाणार? तिन्हींची उत्तरे लेखी मिळाली नाहीत, तर पैसे देऊ नका.

आता मी माझ्या सर्वांत आवडत्या मुद्द्याकडे येतो. विनिमय म्हणजे देणे आणि घेणे. आमची दोन मुले तिकडे गेली, तर तिकडची दोन इकडे यायला हवीत. करारातली शुल्कमाफी याच तोलावर टिकते. त्यांना शिकायला आमच्याकडे काय आहे? कर्जतचे भात संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत ३’, ‘कर्जत १८४’ ही नावे इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी आहेत आणि ‘सह्याद्री’ हा संकरित भात याच केंद्राचा. पेरणीपासून कापणीपर्यंत एक खरीप हंगाम म्हणजे शेतीशास्त्राचे तयार सत्र आहे. बोरघाटाचा बसाल्ट आहे, माथेरानचे जंगल आहे, शंभर वर्षांहून जुनी जलविद्युत योजना आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तो घाव आम्ही कोणाला दाखवण्याची वस्तू करणार नाही. पण डोंगर कसा सुटतो आणि वाडी वेळेत कशी हलवायची, हे आमच्या मुलांनी जगातल्या अभ्यासकांबरोबर बसून शिकावे, ही गरज आहे. रानभाज्यांचा आणि औषधी झाडपाल्याचा अभ्यास करायचा असेल, तर तिथे शिकवणारा आमचा ठाकर किंवा कातकरी माणूस असावा आणि त्याला मानधन मिळावे.

यजमान व्हायचे तर वसतिगृहात चार बऱ्या खोल्या, इंग्रजीतून चालणारे दोन-तीन विषय आणि जबाबदारी घेणारा एक प्राध्यापक लागतो. हे एकट्या संलग्न महाविद्यालयाला जड जाईल. म्हणून खोपोली आणि कर्जतच्या महाविद्यालयांनी एकत्र यावे. आमच्या तालुक्यात आता विजयभूमी आणि युनिव्हर्सल एआय ही खासगी विद्यापीठेही आहेत. त्यांनी शेजारधर्माने वाट दाखवावी. जून २०२५ मध्ये अ‍ॅबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची आयईडी या पाच संस्थांना मुंबई-नवी मुंबईत शाखा काढण्यासाठी इरादापत्रे दिली गेली. त्या आल्या तर परदेशी विद्यापीठ आमच्या शेजारच्या तालुक्यांपर्यंत येऊन ठेपेल. तेव्हा बोलणी करायला आमची तयारी असली पाहिजे.

ही परिषद उभी करण्यासाठी महिनोन्‌महिने राबलेले प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक यांचे मी स्वागत समितीच्या वतीने आभार मानतो. ज्या देणगीदारांनी नाव न छापण्याच्या अटीवर हात सैल सोडला, त्यांचेही. व्यवस्थेत काही उणे राहिले असेल तर पाहुण्यांनी सांभाळून घ्यावे.

अध्यक्ष महोदय, आपल्याकडे माझी एकच विनंती आहे. समारोपाला जो ठराव वाचला जाईल, त्यात ‘प्रयत्न करण्यात यावेत’ हे शब्द नसावेत. क्रेडिटचा तक्ता कोणी करायचा, कोणत्या तारखेपर्यंत करायचा, प्रत्येक महाविद्यालयात कोणत्या प्राध्यापकाच्या टेबलावर विद्यार्थ्याने जायचे, हे त्यात नावानिशी असावे. येत्या जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलांना प्रवेशाच्या दिवशीच तो कागद हातात मिळावा.

पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करतो आणि परिषदेचे कामकाज आपल्या हाती सोपवतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!