आभार वेगळे, हिशेब वेगळा

गोदीत मुकादम म्हणतो, "मी कामाला लावला, आता तोंड वर करतो?" त्याला अमेरिकेतली गोष्ट सांगा.

साउथवेस्ट विमान कंपनी. संस्थापकांतला हर्ब केलेहर. १९९० च्या दशकात वैमानिकांनी पाच वर्षं पगारवाढ सोडली, शेअर खरेदीचे हक्क घेतले. त्यानं स्वतःचाही पगार गोठवला. मे २००८ मध्ये तो अध्यक्षपदावरून उतरला, तेव्हा वैमानिकांचा करार रखडलेला. तरी युनियननं 'यूएसए टुडे'त पानभर जाहिरात देऊन त्याचे आभार मानले.

पण वाकले नाहीत. २००९ मध्ये कराराचा पहिला मसुदा मतं टाकून फेटाळला.

मुकादमा, कामाला लावलंस, आभार. पण पाठ आमची झिजते. घामाचा हिशेब आभारात फिटत नाय.