सांदवाडी कोणाच्या हिशेबात?

(सिहोरा येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, सिहोऱ्यात बोलणं होतं ते धानाचं आणि चांदपूर तलावाच्या पाण्याचं. मी सांदवाडीबद्दल बोलते. पारा ३५ अंशांवर गेला की टमाटरचा फुलोरा गळतो. मे महिन्यात इथं तो ४५च्या आसपास असतो. त्यातच अवकाळी पाऊस, गारा. आपण वेलांवर सावली करतो, आळ्यात तणस पसरतो, भांडी विसळलेलं पाणी घालतो. भेंडी-चवळी बाजारातून आणली तर खर्च; आपण पिकवली तर घरकाम! राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगार-फेऱ्यांत घरकाम करणाऱ्या बायांना परसबागेबद्दल विचारायचे. 'हो' म्हणणारीही श्रमशक्तीबाहेरच राहायची. गारपिटीचा पंचनामाही शेतातल्या पिकाचा. येत्या ग्रामसभेत मी सांदवाडीच्या नुकसानीची नोंद मागणार आहे. कोणकोण येता?