बेचाळीस धांवांची सायंकाळ

सन १९७४ च्या जून महिन्याची २४ तारीख, वार सोमवार. मुंबईंत कचेऱ्या सुटावयाची वेळ जवळ आली होती. तिकडे लंडन शहरीं लॉर्ड्सच्या मैदानावर भारतीय संघाचा दुसरा डाव शनिवारीं सायंकाळीं सुरू झालेला होता. बिनबाद दोन धांवा झाल्या असतां त्या दिवसाचा खेळ थांबला, रविवार विश्रांतीचा गेला, आणि सोमवारीं खेळास आरंभ होऊन उपाहाराची वेळ होण्यापूर्वींच सर्व कांहीं आटोपलें. षटकें सतरा, धांवा बेचाळीस! गिरगांवांतील चाळींच्या सज्जांत, दादरच्या टिळक पुलाखालीं, परळ-लालबागच्या गिरण्यांच्या दरवाजांशीं ज्यांच्या कानीं हा आंकडा पडला, त्यांतील पुष्कळांना ऐकणारानें शंभर गाळले असावेत असें वाटलें असल्यास नवल नाहीं.

परंतु आंकडा खरा होता. गावसकर ५, इंजिनियर शून्य, कर्णधार वाडेकर ३, विश्वनाथ ५, ब्रिजेश पटेल १, आबिद अली ३, मदनलाल २, प्रसन्ना ५, बेदी शून्य. चंद्रशेखर दुखापतीमुळें फलंदाजीस येऊंच शकले नाहींत. दोन आंकडी धांवा काढल्या त्या एकट्या एकनाथ सोलकर यांनीं, नाबाद १८. ख्रिस ओल्डनें २१ धांवांत पांच व जेफ आर्नोल्डनें १९ धांवांत चार गडी बाद केले. एक डाव आणि २८५ धांवांनीं भारताचा पराभव झाला. त्यापूर्वीं मँचेस्टरचा सामना ११३ धांवांनीं गेलाच होता, आणि पुढें बर्मिंगहॅमचाहि एक डाव व ७८ धांवांनीं गेला. तीन सामने, तीन पराभव.

यानंतर जें घडलें तें आजहि सांगतांना मुंबईकराची मान थोडी खालीं जाते. अजित वाडेकर यांच्या मुंबईंतील घरावर दगड पडले. इंदूरला १९७१ सालच्या विजयांचें स्मारक म्हणून सिमेंटची एक प्रचंड बॅट उभारण्यांत आली होती. तीहि कोणी विद्रूप केली. दगड मारणारांचीं नांवें इतिहासाला ठाऊक नाहींत. तथापि ते कोणी परके नव्हते, इतकें निश्चित. ज्याला क्रिकेटचें सोयरसुतक नाहीं तो मनुष्य कर्णधाराच्या घराचा पत्ता शोधीत कशाला जाईल?

या दगडांचा उगम शोधावयाचा तर तीन वर्षें मागें जावें लागतें. १९७१ च्या आरंभीं निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानें पतौडींच्या जागीं वाडेकर कर्णधार झाले. शिवाजी पार्कच्या परिसरांत वाढलेला हा डावखुरा फलंदाज मुळांत इंजिनियर व्हावयाचा. कॉलेजांत असतां बाळू गुप्ते यांनीं त्यांना बसमध्यें गांठून बारावा गडी म्हणून बोलाविलें, आणि तेथून पुढची वाट फुटली. अशा मनुष्याकडे संघ आला आणि त्या संघानें प्रथम वेस्ट इंडीजला त्यांच्याच भूमीवर नमविलें. त्या दौऱ्यांत गावसकरांनीं चार सामन्यांत ७७४ धांवा काढल्या, सरदेसाईंनीं ६४२. नंतर तोच संघ इंग्लंडला गेला.

ओव्हलच्या सामन्याचा शेवटचा दिवस २४ ऑगस्ट १९७१ हा होता, आणि योगायोग असा कीं, त्याच दिवशीं गणेशचतुर्थी होती. चंद्रशेखरनें आदल्या दिवशीं ३८ धांवांत सहा गडी टिपून इंग्लंडचा डाव १०१ धांवांत गुंडाळला होता. ॲलन नॉटचा जो झेल सोलकर यांनीं समोर झेपावून घेतला, त्याचें वर्णन मुंबईंतील म्हातारे लोक अद्यापि हात पसरून करून दाखवितात. विजयास १७३ धांवा हव्या होत्या. शेवटच्या सकाळीं वाडेकर आरंभींच धांवबाद झाले, आंत जाऊन त्यांनीं डोळे मिटले, आणि विजय मिळाल्याचें सांगावयास केन बॅरिंग्टन यांना येऊन त्यांना जागें करावें लागलें! मुंबईंत तेव्हां दिवेलागण झाली होती. घरोघरीं गणपति बसलेले, लालबाग-परळच्या मंडपांतून आरत्या चाललेल्या, आणि त्यांतच ही वार्ता येऊन पोंचली. त्या सायंकाळीं देव कोणता व विजय कोणाचा हें वेगळें काढणें कठीणच होतें. पुढें संघ परतला तेव्हां विमानतळापासून निघालेल्या मोटारींवर दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांनीं फुलांचा वर्षाव केला. १९७२-७३ च्या हंगामांत इंग्लंडचा संघ येथें आला, तोहि २-१ असा हरून गेला. वाडेकर यांच्या नेतृत्वाखालीं तेरा कसोटी सामने झाले होते आणि त्यांत पराभव केवळ एक होता.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. हे परदेशांतील विजय मुंबईच्या रसिकानें डोळ्यांनीं पाहिलेले नव्हते. ते त्यानें कानांनीं ऐकलेले होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईंत दूरदर्शन आलें खरें, परंतु लंडनचा खेळ घरबसल्या चालतांना पहावयाचे दिवस अद्यापि दूर होते. खरखरणारा ट्रान्झिस्टर कानाशीं धरावा, लाट हातून निसटली म्हणजे खुंटी पिळावी, आणि समालोचकाच्या आवाजांतील चढउतारावरून चेंडू कोठें गेला हें ताडावें, हाच रिवाज होता. कानानें पाहिलेलें दृश्य डोळ्यांनीं पाहिलेल्या दृश्याहून नेहमींच भव्य असतें, कारण त्यांत ऐकणारा आपल्या पदरचे रंग भरतो. १९७१ सालीं चाळीच्या सज्जांत बसलेल्या मनुष्यानें ओव्हलचें मैदान आपल्या मनांत उभें केलें, आणि त्यावरचे खेळाडू त्याला माणसाहून मोठे दिसले. १९७४ सालीं त्याच मनुष्याला केवळ “गेला, आणखी एक गेला” एवढेंच ऐकूं आलें. मैदानावरचें मळभ ऐकूं येत नाहीं. हवेंत वळणारा आणि टप्पा पडतांच आणखी वळणारा चेंडू, त्याचाहि आवाज होत नाहीं. कानाला ऐकूं येते ती नुसती पडझड. आणि पडझडीला कारण दिसलें नाहीं म्हणजे मनुष्य दोषी शोधूं लागतो.

शिवाय तें वर्षच कडू होतें. १९७२ च्या दुष्काळाचे घाव ताजे होते, महागाई दिवसेंदिवस वाढत होती, रेशनच्या दुकानापुढील रांगा लांबत होत्या. मे महिन्यांत आगगाडीच्या कामगारांचा देशव्यापी संप होऊन मोडला होता. गिरणगांवांतील संसाराला त्या काळांत अभिमानानें सांगण्यासारख्या गोष्टी फार उरल्या नव्हत्या. क्रिकेटचा संघ ही त्यांतील एक होती. ती एक ठेव, आणि तीहि सतरा षटकांत लुटली गेली! हें सर्व मनांत आणलें म्हणजे दगडामागील संताप कळतो. कळतो, एवढेंच. संताप कळला म्हणून दगड क्षम्य ठरत नाहीं.

कारण मुंबईच्या रसिकाला अज्ञानाची सबब सांगतां येण्यासारखी नाहीं. या शहरांत १९४८ पासून डॉक्टर कांगा यांच्या नांवानें एक स्पर्धा चालते, आणि ती ऐन पावसाळ्यांत खेळली जाते. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, माटुंगा येथें ओल्या खेळपट्टीवर, घोट्यापर्यंत वाढलेल्या गवतांत सामने होतात. चांगल्या चांगल्या फलंदाजांची त्या पट्टीवर त्रेधा उडालेली शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसणारा प्रत्येक मनुष्य पाहत आलेला आहे. एखादा नामांकित खेळाडू तेथें शून्यावर बाद झाला तर कट्ट्यावर चर्चा होते ती चेंडूची, पायाच्या हालचालीची, पाऊस केव्हां पडून गेला याची. त्याच्या घराच्या वाटेला कोणी जात नाहीं. मग लॉर्ड्सच्या दमट सकाळीं तोच प्रकार घडला असतां ही सारी विद्या कोठें गेली? कट्ट्यावरचा मर्मज्ञ एका रात्रींत जमाव कसा झाला?

चर्चा करावयाचीच होती तर विषय थोडे नव्हते. त्याच सामन्यांत इंग्लंडनें ६२९ धांवा केल्या होत्या. ॲमिस १८८, डेनेस ११८, ग्रेग १०६, एडरिच ९६. बेदींनीं सहा गडी बाद केले, पण २२६ धांवा देऊन. ज्या फिरकीच्या बळावर १९७१ जिंकलें तीच आतां इंग्लंडच्या फलंदाजांना उमगूं लागली होती, आणि नव्या चेंडूवर मारा करणारा खराखुरा जलद गोलंदाज आपल्याकडे नव्हता. पहिल्या डावांत इंजिनियर व गावसकर यांनीं १३१ धांवांची सलामी दिली होती, हेंहि बेचाळीसच्या गोंगाटांत कोणास आठवेना. बेचाळीस ही शेवटच्या दिवसाची दुर्घटना होती. पराभवाचें मूळ सहाशें एकोणतीसमध्यें होतें. परंतु सहाशें एकोणतीस धांवांवर दगड मारतां येत नाहीं. कर्णधाराच्या खिडकीवर मारतां येतो.

आणि त्या बेचाळीसमधील अठरा? सोलकर यांचे वडील मरीन ड्राइव्हवरील हिंदु जिमखान्याच्या मैदानाचे माळी होते. गिरगांवांतून रूळ ओलांडले कीं हा जिमखाना. त्याच मैदानाच्या कडेला एका खोलींत हें कुटुंब राहिलें, आणि त्याच हिरवळीवर इतरांचा खेळ पाहतां पाहतां एकनाथ खेळाडू झाला. फलंदाजाच्या अगदीं पुढ्यांत, शिरस्त्राणावांचून उभें राहून त्यानें सत्तावीस कसोटी सामन्यांत त्रेपन्न झेल घेतले. लॉर्ड्सला एका टोकाकडून सोबती एकामागून एक परत जात असतां दुसऱ्या टोकाला माळ्याचा हा मुलगा अखेरपर्यंत उभा होता. अठरा धांवांनीं कांहीं सामना वांचला नाहीं. पण दगड शोधणाऱ्या हातांना त्या सायंकाळीं दुसरें कांहीं शोधावयाचें असतें तर तें त्यांना सांपडलें असतें, आणि तेंहि त्यांच्या आळीपासून हांकेच्या अंतरावरचें.

मुंबईचा प्रेक्षक कसा आहे याचें दुसरें चित्र अवघ्या सात महिन्यांनीं दिसलें, आणि तें या चित्राशीं जुळत नाहीं. जानेवारी १९७५ मध्यें चर्चगेटजवळ नव्यानें उभारलेल्या वानखेडे स्टेडियमवर पहिलाच कसोटी सामना झाला, वेस्ट इंडीजविरुद्ध. मालिका दोन-दोन अशी बरोबरींत आलेली. क्लाइव्ह लॉइड यांचीं दोन शतकें पुरीं झालीं तेव्हां प्रतिपक्षाच्या त्या कर्णधाराचें अभिनंदन करण्यासाठीं एक तरुण मैदानांत धांवला. पोलिसांनीं त्याला मारलें, आणि त्यावरून सारें स्टेडियम खवळलें, मोडतोड व जाळपोळ झाली. म्हणजे आपल्या गोलंदाजांना झोडपून काढणाऱ्या परक्याचें कौतुक करण्याचा आपला हक्क हिरावला जातो, म्हणून हा जमाव पेटला होता! जमावाचा तो मार्गहि बराच होता असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्या शहरानें आपल्या कर्णधाराची तीन वर्षांची पुण्याई सात महिन्यांपूर्वीं विसरली, त्याच शहराच्या अंगीं ही उदारताहि होती, हें नमूद करणें न्यायाचें आहे. लॉइड नाबाद २४२ वर पोंचले, भारत तो सामना २०१ धांवांनीं हरला व मालिकाहि गमावली. भारतातर्फे त्या सामन्यांत शतक झळकावलें तें सोलकर यांनीं, १०२ धांवांचें. त्यांच्या कसोटी कारकीर्दींतील तें एकुलतें एक शतक होय.

वाडेकर तोंपर्यंत मैदानावरून दूर झाले होते. बर्मिंगहॅमच्या पराभवानंतर, जुलै १९७४ मध्यें, लीड्स येथें भारताचा पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना झाला; त्यांत त्यांनीं ६७ धांवा केल्या, पण तेवढ्यानें कोणाचें मन वळलें नाहीं. परत आल्यावर पश्चिम विभागाच्या संघांतूनहि त्यांना वगळण्यांत आलें. तेव्हां त्यांनीं निवृत्ति पत्करली. वय अवघें तेहतीस. सोळा सामन्यांचें नेतृत्व, चार विजय, चार पराभव, आठ अनिर्णित, असा त्यांचा हिशेब तेथें मिटला. चार पराभवांतले तीन एकाच महिन्याच्या आंतबाहेरचे होते.

पुढें पुष्कळ वर्षांनीं ते संघाचे व्यवस्थापक होऊन परतले. १९९३ च्या फेब्रुवारींत इंग्लंडचा संघ वानखेडेवर शेवटचा सामना खेळावयास आला तेव्हां कोलकाता व चेन्नई येथें तो हरून आलेला होता. शिवाजी पार्कवर वाढलेल्या विनोद कांबळी यांनीं २२४ धांवा काढल्या, भारत एक डाव व १५ धांवांनीं जिंकला, आणि मालिकेचा आंकडा ३-० असा लागला. १९७४ चाच आंकडा, बाजू तेवढी उलटलेली. संध्याकाळीं लोक मरीन लाइन्सकडून गिरगांवाच्या दिशेनें घरोघर परतले. त्यांत १९७१ च्या मोटारींवर फुलें टाकलेले कित्येक असतील, आणि तीन वर्षांनंतर हातांत दगड घेतलेलाहि त्यांतील एखादा असेल.