रक्तदाबाची गोळी : तिचे कार्य आणि तिचे उपद्रव

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी ‘आरोग्यावर काहीतरी बोला’ अशी आज्ञा केली, तेव्हा कोणता विषय घ्यावा या विवंचनेत आम्ही होतो. परंतु काल सायंकाळी येथे उतरल्यापासून जी जी वडील मंडळी भेटली, त्यांपैकी बहुतेकांनी क्षेमकुशल विचारून होताच खिशातून गोळ्यांचे पाकीट काढले आणि ‘डॉक्टर, ही जन्मभर घ्यायची का हो?’ हाच प्रश्न केला. विषय आपोआप ठरला. या प्रश्नाचे उत्तर आम्ही आज देणार आहोत; मात्र ते नुसते ‘होय’ असे न देता त्यामागची कारणेही सांगणार आहोत.

रक्तदाब म्हणजे काय, हे प्रथम पाहू. हृदय हा अखंड चालणारा पंप असून तो रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात रक्त ढकलीत असतो. त्या रक्ताचा वाहिन्यांच्या भिंतींवर जो रेटा बसतो तो रक्तदाब. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा वरचा आकडा आणि ते सैल पडते तेव्हाचा खालचा. निरनिराळ्या दिवशी, स्वस्थ बसवून मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यांच्या खाली येत नसेल, तर दाब वाढला आहे असे आम्ही समजतो. हा रेटा कशाने वाढतो? मळ्यास पाणी देणाऱ्या रबरी नळीचे उदाहरण घ्या. पाणी फार झाले, पंप जोरात चालला, अथवा नळी आवळली गेली, की नळीवरचा ताण वाढतो. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या या तीन ठिकाणीच काम करितात. कोणी पाणी कमी करते, कोणी पंप शांत करते, कोणी नळी सैल करते. एवढे सूत्र ध्यानात ठेविले म्हणजे पुढील विषय सुगम होईल.

या व्याधीचा खरा धोका तिच्या मौनात आहे. दात ठणकला की मनुष्य धावत सुटतो. परंतु दाब वाढलेल्या मनुष्यास बहुधा काहीच होत नाही. तो जेवतो, झोपतो, चारचौघांत हसतो, आणि आतल्या आत मेंदू, हृदय, मूत्रपिंडे व डोळे यांच्या वाहिन्या झिजत राहतात. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ हे दाब उतरल्याचे प्रमाण होऊ शकत नाही. ते प्रमाण केवळ मापकाच्या आकड्यात मिळते.

या औषधांच्या इतिहासात आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. सर्पगंधेची मुळी आपले वैद्य पूर्वापार उन्माद व निद्रानाश यांवर देत आले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरील प्रयोग १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले, आणि १९५७ साली डॉ. वकिलांस अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. परंतु या गुणकारी मुळीनेही कोणाचे नाक चोंदे, कोणास सुस्ती येई, तर कोणाचे मन खिन्न होऊन जाई. पुढे अधिक सोयीची औषधे आली आणि ती मागे पडली. ‘झाडपाल्याचे आहे, तेव्हा अपाय कसला?’ असे म्हणणाऱ्यांनी सर्पगंधेचा हा इतिहास अवश्य ध्यानी घ्यावा. ज्या द्रव्यात गुण करण्याचे सामर्थ्य आहे, त्यात उपद्रव करण्याचेही सामर्थ्य असतेच.

आता गोळ्यांचे वर्ग पाहू. पहिला वर्ग पाणी कमी करणारा, म्हणजे मूत्रल औषधांचा. १९५८ च्या सुमारास क्लोरोथायाझाइड प्रचारात आले. आजची हायड्रोक्लोरोथायाझाइड व क्लोरथॅलिडोन ही त्याच जातकुळीची. ही औषधे मूत्रपिंडांकरवी मीठ व पाणी बाहेर टाकवितात. ती सकाळी घ्यावीत, म्हणजे रात्री वारंवार उठावे लागत नाही. यांच्यामुळे रक्तातील सोडियम व पोटॅशियम उतरू शकते. वृद्ध मनुष्य एकाएकी गळून गेला, असंबद्ध बोलू लागला, तर वयाला दोष देण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. कोणाचे यूरिक अ‍ॅसिड वाढून पायाचा अंगठा सुजतो, कोणाची साखर किंचित चढते.

दुसरा वर्ग पंप शांत करणारा. १९६४ साली इंग्लंडमध्ये जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून प्रोप्रॅनोलॉल हे औषध जगापुढे आले आणि १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल ही याच वर्गातली. हृदयाला धावावयास लावणाऱ्या संदेशांची तीव्रता ही औषधे कमी करितात. त्यामुळे नाडी मंदावते, थकवा येतो, हातपाय गार पडतात. ज्यांस दमा आहे त्यांनी तो डॉक्टरांपासून लपवू नये, कारण या गोळीने श्वास कोंडू शकतो. मधुमेह्यांची साखर उतरली असता जी धडधड इशारा देते, ती या गोळीने दबून राहते. आणि ही गोळी एकाएकी कधीही बंद करू नये. तसे केल्यास छातीतील कळ उसळून येण्याचा संभव असतो.

तिसऱ्या वर्गाची कथा मोठी विस्मयकारक आहे. ब्राझील देशातील जरारका नावाच्या सर्पाच्या विषावरील संशोधनाने या औषधांचा मार्ग दाखविला. आपल्या शरीरात अँजिओटेन्सिन नावाचे एक द्रव्य तयार होते. ते वाहिन्या आवळते व मीठ धरून ठेवविते. ते तयारच होऊ नये, अशी योजना करणारे कॅप्टोप्रिल १९८१ साली अमेरिकेत मान्य झाले. एनालाप्रिल व रॅमिप्रिल ही त्याची भावंडे. यांचा प्रसिद्ध उपद्रव म्हणजे कोरडा खोकला. खोकल्याच्या बाटल्यांमागून बाटल्या रिचवूनही तो जात नाही, कारण त्याचे मूळ दाबाच्या गोळीत असते. अशा वेळी लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन दिली जाते. ती त्या द्रव्याचे काम अडविते आणि खोकला सहसा आणीत नाही. या दोन्ही प्रकारांत पोटॅशियम वाढू शकते. म्हणून बाजारातील ‘कमी सोडियमचे’ मीठ, ज्यात पोटॅशियम असते, ते विचारल्यावाचून वापरू नये. गरोदरपणी ही औषधे गर्भास घातक ठरतात. ओठ वा जीभ सुजली तर गोळी थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

हृदयविकार झालेल्यांच्या पाकिटात आणखी तीन गोळ्या असतात. ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन रक्ताची गुठळी होऊ देत नाही, परंतु पोटात रक्तस्राव करू शकते. काळी शौच हा तिचा इशारा. ज्यास हृदयविकाराचा झटका येऊन गेला त्याने ती आपल्या मनाने सोडू नये, आणि धडधाकट मनुष्याने ती आपल्या मनाने सुरू करू नये. जपानचे अकिरा एन्डो यांनी बुरशीतून शोधलेल्या स्टॅटिन वर्गातील गोळी यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती आवरते. स्नायू विनाकारण दुखू लागले तर तसे सांगावे. जिभेखाली ठेवावयाची नायट्रेटची गोळी वाहिन्या सैल करून छातीतील कळ शमविते. ती बसून घ्यावी, कारण दाब उतरून भोवळ येते. पुरुषांच्या दुर्बलतेवरील सिल्डेनाफिल घेणाऱ्याने ती मुळीच घेऊ नये. आणि कळ थांबली नाही तर दुसऱ्या उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

चौथा वर्ग आम्ही हेतुतः मागे ठेविला. अ‍ॅम्लोडिपिन ही घरोघरी गेलेली गोळी. वाहिन्यांच्या स्नायूंत शिरणारे कॅल्शियम ती अडविते व नळी सैल होते. हिचा उपद्रव म्हणजे घोट्यांवर येणारी सूज. बारीक धमन्या सैल होतात तितक्या शिरा होत नाहीत, म्हणून पाणी ऊतींत झिरपते. मूत्रपिंडे बिघडल्याचे हे लक्षण नव्हे. मात्रा कमी केली, किंवा तिसऱ्या वर्गातील गोळी जोडीला दिली, की ही सूज पुष्कळदा ओसरते.

ही गोळी आम्ही आमच्या थोरल्या वहिनींना लिहून दिली होती. काही महिन्यांनी त्यांचे पाय सुजले, चपला घट्ट होऊ लागल्या. एका लग्नघरी कोणी सांगितले, ‘या गोळ्यांनी मूत्रपिंडे जातात हो.’ वहिनींनी गोळी बंद केली. सूज उतरली, त्यांना बरे वाटले. आम्हांस मात्र त्यांनी काही कळविले नाही. दिराच्याच औषधास नावे कशी ठेवावी, हा त्यांचा संकोच. चार महिन्यांनी एका पहाटे त्यांची उजवी बाजू लुळी पडली व वाचा गेली. ज्या वहिनींच्या एका हाकेसरशी सारे घर जागे होई, त्या आज पाणी हवे असता तांब्याकडे बोट दाखवितात. गोळी चालू असती तर ती पहाट उगवलीच नसती, असे छातीवर हात ठेवून आम्हांस म्हणता येणार नाही. परंतु ती टळण्याचा संभव पुष्कळ होता. वहिनींस आम्ही दोष देत नाही. ‘पाय सुजतील, सुजले तर मला सांगा’ ही दोन वाक्ये गोळी लिहून देताना आम्ही बोललो नाही. तो दोष आमचा आहे, आणि आज या व्यासपीठावर उभे राहण्याचे खरे कारणही तेच आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, आमची आपणांस एवढीच विनंती आहे. उपद्रव झाला तर संकोच न करिता डॉक्टरांस सांगा. चार वर्ग आपल्यापुढे ठेविले ते याचसाठी की एक गोळी सोसली नाही तर दुसरी आहे, आणि एकीची मोठी मात्रा बाधली तर दोहोंच्या लहान मात्रांनी काम भागते. उपवासाच्या दिवशीही नेहमीची गोळी पाण्याबरोबर चालते; मात्र जुलाब-वांत्यांनी शरीर सुकले असता त्याच दिवशी डॉक्टरांस विचारा, कारण त्या वेळी काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. गुडघेदुखीच्या गोळ्या दाब वाढवितात, त्या परस्पर घेऊ नका. शेजाऱ्यास लागू पडली म्हणून त्याची गोळी मागून आणू नका. दिवसाचे सारे मीठ पाच ग्रॅमांच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी, असावे, आणि त्यात पापड-लोणच्यातलेही आले. वजन उतरले, मीठ सुटले, तर कित्येकांची मात्रा कमी होते, क्वचित गोळी सुटतेही. पण ती डॉक्टरांनी मापून सोडवावी.

घरी गेल्यावर प्रत्येक कुटुंबाने एक काम करावे. वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांच्या गोळ्यांची नावे, मात्रा व वेळा एका कागदावर लिहाव्यात, आणि ‘यांतली कोणती आपण घेत नाही?’ असे प्रेमाने विचारावे. रागावून विचारल्यास खरे उत्तर मिळणार नाही. आमच्या घरी तो प्रश्न कोणी विचारला नाही. आपल्या घरी तो आज रात्रीच विचारला जावो, एवढी इच्छा व्यक्त करून, आम्ही आपली रजा घेतो.