'पुढं काय झालं?' : ऐकायच्या गोष्टी आणि आपलं काम

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे 'पॉडकास्टवरील कथामालिका' असा विषय छापलेला आहे. तो वाचून तुमच्यापैकी काहीजणींनी चहाच्या वेळी मला विचारलंच, की पोटगी, रेशनकार्ड, पोलीस ठाणं यातून डोकं वर काढायला फुरसत नसताना हे कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्यासाठीच मी उभी आहे.

पॉडकास्ट म्हणजे मोबाईलवर हवं तेव्हा ऐकता येणारा कार्यक्रम. त्यात मुलाखती असतात, बातम्या असतात, तशा रचलेल्या गोष्टीही असतात. आकाशवाणीवर आपण ज्याला श्रुतिका किंवा नभोनाट्य म्हणत आलो, त्याचंच हे पुढचं रूप. फरक दोन. याला ठरावीक वेळ नाही, आणि हे कानात घालून एकटीनं ऐकता येतं. भाकरी थापताना, कापूस वेचताना, बसची वाट बघताना हात आणि डोळे मोकळे राहत नाहीत, पण कान मोकळा असतो. आपल्या आज्या-पणज्यांनी हे केव्हाच ओळखलं होतं. जात्यावरची ओवी ही काम करता करता सांगायची आणि ऐकायचीच गोष्ट होती.

आता या गोष्टींचे चाहते काय करतात ते बघा. जोसेफ फिंक आणि जेफ्री क्रेनर या दोघा अमेरिकन लेखकांनी २०१२ साली 'वेलकम टू नाइट व्हेल' नावाची मालिका सुरू केली. वाळवंटातल्या एका काल्पनिक गावाचं छोटंसं रेडिओ केंद्र, आणि त्यावरून गावातल्या चित्रविचित्र बातम्या देणारा निवेदक. या निवेदकाचं प्रेम गावात आलेल्या एका शास्त्रज्ञावर, म्हणजे पुरुषावर, जडतं. ते इतर कुठल्याही प्रेमासारखंच साधेपणानं सांगितलं आहे, त्याची दवंडी पिटलेली नाही. निवेदक दिसतो कसा हेही लेखकांनी सांगितलेलं नाही. मग ऐकणाऱ्यांनी आपापल्या मनातला निवेदक कागदावर काढला, एकमेकांना दाखवला, त्यावरून वाद घातले. वर्षभरानंतर, २०१३ च्या उन्हाळ्यात, या चाहत्यांच्या जोरावर ती मालिका अमेरिकेतल्या पॉडकास्टच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. यातून मी एकच गोष्ट उचलते. लेखकानं जी जागा रिकामी सोडली, तिथं ऐकणारी माणसं स्वतः शिरली. आपण मात्र आपल्या भाषणात आणि पथनाट्यात पुष्कळदा एकही जागा रिकामी सोडत नाही. प्रश्नही आपलाच, उत्तरही आपलंच.

आता माझ्या कामाशी थेट भिडणारं उदाहरण सांगते. समुपदेशन केंद्रात बायका येतात आणि पहिलं वाक्य बोलतात, "मारत नाहीत हो, तसे चांगले आहेत." मग तासाभरानं कळतं, की पगार त्याच्या हातात, माहेरी फोन करायचा तो त्याच्यासमोर, साडी कुठली नेसायची ते तो ठरवणार, आणि शेजारणीशी बोललं की आठवडाभर अबोला. या जाचाला तिच्याकडे नाव नसतं. आपल्याकडे कायदा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, आणि शारीरिक, लैंगिक हिंसेबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही त्यात आहे. पण कलम वाचून दाखवलं म्हणून बाईला आपलं घर त्यात दिसतंच असं नाही.

हेच ब्रिटनमध्ये एका श्रुतिकेनं दाखवून दिलं. बीबीसी रेडिओवर 'द आर्चर्स' ही मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर चालू आहे. युद्धानंतर अन्नटंचाई होती, तेव्हा शेतकऱ्यांपर्यंत शेतीची माहिती गोष्टीतून पोचवावी, हा तिचा मूळ हेतू. आता ती पॉडकास्ट म्हणूनही ऐकतात. या मालिकेत हेलन नावाची स्वतःचा व्यवसाय असणारी, एका मुलाची आई आहे. २०१३ साली तिच्या आयुष्यात रॉब येतो. गोड बोलणारा, काळजी घेणारा. पुढं तो तिचा नवरा होतो. "तू दमतेस, गाडी कशाला चालवतेस", "दुकानात जायची काय गरज आहे", "हे कपडे तुला शोभत नाहीत", असं करत करत तिची गाडी सुटते, काम सुटतं, मैत्रिणी सुटतात, आईशी बोलणं तुटतं. शेवटी आपलीच बुद्धी ठिकाणावर नाही असं तिला वाटू लागतं. हे सगळं रोजच्या तेरा-तेरा मिनिटांच्या भागांतून दोन वर्षांहून जास्त काळ चाललं. एप्रिल २०१६ मध्ये ती निघून जायला बघते, झटापट होते आणि त्याच्यावर सुरी चालते. ती तुरुंगात जाते, त्याच काळात बाळंत होते. सप्टेंबर २०१६ मध्ये ज्यूरी तिला निर्दोष ठरवते. तो निकालाचा भाग खास तासाभराचा होता.

याच काळात, २९ डिसेंबर २०१५ पासून, इंग्लंड आणि वेल्समध्ये नवा कायदा अमलात आला. जोडीदाराला किंवा घरच्या माणसाला धाकात आणि ताब्यात ठेवणं हाच त्यानं गुन्हा ठरवला. त्यासाठी मारहाण झालेली असण्याची अट नाही. म्हणजे कायदा जे कलमात सांगत होता, ते ही मालिका घराघरात ऐकवत होती.

आणि चाहते? त्यांतल्या एकानं हेलनच्या नावानं निधी उघडला. हेलन काल्पनिक, पण पैसे खरे. अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी निवारा चालवणाऱ्या 'रेफ्यूज' या संस्थेसाठी काही महिन्यांत एक लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. काही श्रोत्यांना मात्र ते ऐकवेना, त्यांनी रेडिओ बंद केला. तेही समजण्यासारखं आहे. ज्या बाईनं हे भोगलं आहे तिच्या कानात तोच आवाज पुन्हा घुमवायचा, ही जोखीमच असते.

आपल्याकडंही असं घडलं आहे. फेब्रुवारी १९९६ ते फेब्रुवारी १९९७ या वर्षात आकाशवाणीच्या हिंदी भाषक भागातल्या केंद्रांवरून 'तिनका तिनका सुख' ही १०४ भागांची मालिका प्रसारित झाली. तिच्यात पूनम नावाची नवी नवरी हुंड्याच्या छळाला कंटाळून जीव देते. उत्तर प्रदेशातल्या लुत्सान गावच्या लोकांनी मालिका चालू असतानाच आकाशवाणीला एक मोठं पत्र पाठवलं. आम्ही हुंडा देणार नाही, घेणार नाही, अशी शपथ त्यात होती आणि खाली १८४ जणांच्या सह्या नि अंगठे होते. एका न जन्मलेल्या पूनमसाठी गाव एकत्र बसलं. पण पुढं अभ्यासक त्या गावात गेले तेव्हा त्यांना बदलाची वाट सरळ दिसली नाही. बोलणं बदललं होतं, वागणं त्यामानानं हळू बदलत होतं, घरातल्या सत्तेची गाठ सुटायला वेळ लागत होता. म्हणून गोष्टीला जादूची कांडी समजू नये. गोष्ट दार उघडते. आत शिरून काम आपल्यालाच करायचं असतं.

दुसरा धोका 'हम लोग'नं दाखवला. दूरदर्शनवरच्या १९८४-८५ च्या या मालिकेत भागवंती ही सोसणारी, सगळ्यांसाठी झिजणारी आई होती. सोसण्यानं बाईचं काय होतं हे दाखवण्यासाठी ती उभी केली होती. अभ्यास झाला तेव्हा आढळलं, की पुष्कळ प्रेक्षकांना, आणि त्यात स्त्रियाही होत्या, भागवंतीच आदर्श वाटली! याला प्रेक्षकांचं अडाणीपण म्हणून हात झटकता येणार नाहीत. भागवंतीसारखं जगणाऱ्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी मधोमध बसवलं होतं. तिच्या सोसण्याचा गौरव झाला असं तिला वाटलं, तर चूक तिची कशी?

मग गोष्ट सांगावी कशी? मला चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, डळमळणारं पात्र हवं. मेक्सिकोचे मिगेल साबिदो यांनी १९७५ पासून समाजशिक्षणाच्या मालिकांची जी पद्धत बसवली, तिच्यात चांगलं, वाईट आणि या दोहोंच्या मध्ये हेलकावे खाणारं अशी पात्रं असतात. ऐकणारी या तिसरीबरोबर चालते. आपल्या पथनाट्यातली नायिका पहिल्याच प्रवेशात जागृत झालेली असते. पण तक्रार मागं घेणारी, पुन्हा नांदायला जाणारी, चार महिन्यांनी परत येणारी बाई आपण रोज बघतो. तिची गोष्ट आपण सांगत नाही, कारण ती आपल्याला अपयश वाटते.

दुसरी, छळणारा माणूस राक्षस नको. रॉबचा आवाज गोड होता, म्हणून तर ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. मिशीवाला दारुडा नवरा दाखवला, की सरकारी नोकरीतल्या, निर्व्यसनी, देवभोळ्या नवऱ्याची बायको म्हणते, हे माझ्याबद्दल नाही.

तिसरी, शेवट. सुरीनं हेलन सुटली असं कुणाच्या मनात राहिलं तर ते घातक आहे. तिला सोडवण्यात कोर्टात खरं बोलणारी माणसं होती, मैत्रिणी होत्या. गोष्टीत बाईला वाट दाखवायची तर ती खरी वाट असावी, आणि गोष्ट संपल्यावर मदतीचा नंबर सांगितलाच पाहिजे. ऐकून हललेली बाई त्याच क्षणी कुठंतरी हात टाकू बघते.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. केंद्रात ऐकलेल्या हकिकती आपण नाव बदलून अहवालात घालतो, सभेत सांगतो. पण तालुक्याच्या ठिकाणी नाव बदलल्यानं काही झाकत नाही. मुलांची संख्या, नवऱ्याचा धंदा, माहेरचं गाव एवढ्यावरून लोक ओळखतात. तिचाच आवाज ध्वनिमुद्रित केला तर विचारायलाच नको. म्हणून खरी हकिकत जशीच्या तशी उचलू नये, दहाजणींच्या अनुभवातून एक रचलेली गोष्ट करावी. रचलेल्या गोष्टीचा आडोसा असतो. "त्या मालिकेतल्या बाईचं चुकलं का हो?" असं विचारताना बाई स्वतःबद्दल विचारत असते, आणि तरी तिची झाकली मूठ राहते. आपल्या कामात इतकी सुरक्षित जागा फार थोडी असते.

कुणी म्हणेल, हे मोबाईलवाल्यांचं झालं. खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार स्वतः वापरता येईल असा मोबाईल असणाऱ्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के होत्या. म्हणजे बाकीच्यांचा कान नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांच्यापर्यंत व्यापारी ॲप पोचलेलीच आहेत. तिथं शेकडो भागांच्या मालिका चालतात. श्रीमंत, रागीट नवरा आणि त्याला प्रेमानं सुधारणारी गरीब बायको. प्रत्येक भाग नेमका अडनिड्या जागी तुटतो, आणि पुढचा ऐकायचा तर पैसे भरा. वस्तीतल्या मुली त्या ऐकतात, मलाही पात्रांची नावं सांगतात. त्यांना नाकं मुरडून आपण काय मिळवणार? 'पुढं काय झालं?' हा प्रश्न जागा ठेवण्याची कला त्या लोकांना येते. ती शिकून घ्यायला हवी आणि वेगळ्या कामाला लावायला हवी.

आणि हे आपल्या आवाक्यातलं आहे. तेलंगणातल्या माचनूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित स्त्रियांनी २००८ साली 'संघम रेडिओ' सुरू केला. साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचं सामुदायिक रेडिओ केंद्र उभं राहिलं. आपल्याकडे 'मुलगी झाली हो'सारख्या १९८३ च्या नाटकाची परंपरा आहे. ज्योतीबाई म्हापसेकरांच्या त्या नाटकानं पदरच्या पैशांवर आणि गाण्यांवर गावंच्या गावं जमवली होती. आता तर एक बरा मोबाईल, गोधडी टांगलेली शांत खोली आणि आपल्या बोलीत बोलणाऱ्या पाच बायका पुरतात.

माझी सूचना अशी. प्रत्येक गटानं दहा-दहा मिनिटांचे सहा भाग करावेत. लिहिणारी एक नको, गटानं बसून रचावं. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी बचतगटाच्या बैठकीत भाग एकत्र ऐकावा, आणि तो संपल्यावर आपण भाषण करू नये. एकच विचारावं, आता तिनं काय करावं? उत्तरं लिहून घ्यावीत, आणि पुढचा भाग त्या उत्तरांतून रचावा. पात्राची कड घेऊन दोघी भांडल्या, तर समजावं की आपल्या मालिकेला चाहत्या मिळाल्या. आणि बैठक संपल्यावर चपला घालता घालता जी मागं रेंगाळेल, तिच्यासाठी एकीनं थांबावं. खरी गोष्ट बहुधा तिथं सुरू होते.